दोन नेकेड बाइक आणि जाम गेटचा घाट

बुधवार

ट्रायंफ स्पीड ४०० आणि केटीएम ३९० ड्यूक, दोघी चाकणच्या. टाकीवरचं एक नाव इंग्लंडमधल्या हिंकलीचं, दुसरं ऑस्ट्रियातल्या माटिगहोफनचं. पण इंदूरच्या सिग्नलला जी शेजारी येऊन थांबते ती पुण्याजवळच्या बजाजच्या कारखान्यातून निघालेली असते. बजाजने केटीएममध्ये पहिली भागीदारी घेतली २००७ मध्ये, आणि जानेवारी २०१२ मध्ये २०० ड्यूक आपल्याकडे आली. ट्रायंफशी करार झाला २०२० च्या सुरुवातीला. त्यातून निघालेली स्पीड ४०० जुलै २०२३ मध्ये बाजारात आली आणि दोनच महिन्यांनी नवी ३९० ड्यूक. यातली एक घ्यायची म्हणून तेव्हापासून माझ्या डोक्यात या दोघीच घोळत आहेत.

फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं आवरण, नाही, म्हणजे दोघी नेकेड. इंजिन एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, ४०० सीसीला जेमतेम कमी. गिअर सहा. ड्यूकची ताकद ४६ पीएस (अश्वशक्तीचं माप), ८५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर. स्पीडची ४० पीएस, ८००० ला. टॉर्क, म्हणजे इंजिनचा पिळाचा जोर, मात्र ड्यूकचा ३९ न्यूटन-मीटर आणि स्पीडचा ३७.५, आणि दोघींचा ६५०० आरपीएमलाच. मी पीथमपूरला गिअर कापणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते, आकड्यांशी रोजचा संबंध. ताकदीत सहाचा फरक आणि टॉर्कमध्ये दीडाचा, म्हणजे सगळा खेळ वरच्या आरपीएमला आहे एवढं त्यावरून कळतं. खाली, जिथे आपण दिवसभर गाडी चालवतो, तिथलं कागद काही सांगत नाही. बाजारात आल्या तेव्हा एक्स-शोरूम भाव स्पीडचा २ लाख ३३ हजार आणि ड्यूकचा ३ लाख ११ हजार. पुढे भाव हलले, दोघींमधलं अंतर मिटलं नाही.

आज संध्याकाळी दोन्ही शोरूमला जाऊन आले. टेस्ट राइड म्हणजे फाटकातून बाहेर, पुढच्या चौकातून वळून परत. एका ठिकाणी तर सेल्समन मागे बसला आणि "मॅडम, तिसऱ्याच्या वर नका नेऊ" म्हणून सांगत राहिला. तीन लाखांची वस्तू अशी घ्यायची नसते. गाडी गार असताना, गरम झाल्यावर, गर्दीत, घाटात, खराब रस्त्यावर आणि मागे माणूस बसवून चालवल्याशिवाय तिच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. अभयदादाकडे ड्यूक आहे, आणि आमच्या विभागातल्या सहकाऱ्याकडे स्पीड, २०२३ चीच. त्याने एका वाक्यात किल्ली दिली: "ताई, फक्त टाकी भरून द्या." दादा म्हणाला, "मग शनिवारी निघू. जाम गेट, महेश्वर, मांडव. आलटूनपालटून चालवू." तो नात्याने आतेभाऊ, पण मला गाडी शिकवली त्यानेच, माझ्या बाबांच्या, म्हणजे त्याच्या मामांच्या, जुन्या स्कूटरवर.

शुक्रवार

आज शहर. सकाळी ऑफिसला सुट्टी टाकली आणि दोन्ही गाड्या घेऊन आम्ही राजेंद्रनगरहून निघालो ते थेट राजवाड्याकडे, ऐन गर्दीच्या वेळी. जवाहर मार्ग, मग रामबागेकडून परत. ई-रिक्षा, हातगाड्या, उलट्या बाजूने येणारे भिया, म्हणजे आमचे इंदुरी भाऊ लोक, आणि पोहे-जिलबीच्या दुकानांपुढे आडव्या लावलेल्या दुचाक्या. कागदावर ज्याचा पत्ता लागत नव्हता ते इथे कळलं.

स्पीड २५०० आरपीएमला दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे रांगते. क्लच हलका आहे, तो थोडा सोडला की गाडी पुढे सरकते आणि एक्सलेटरला हात लावायची गरजही पडत नाही. ड्यूकला हे आवडत नाही. तीन हजारांच्या खाली चेन खडखडते, इंजिन धक्के देतं, आणि आपण मुकाट्याने गिअर खाली घेतो. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा, राजवाड्यापर्यंत हेच. पण जरा मोकळी जागा मिळाली की ड्यूक जी सुटते तिला तोड नाही. तिचा क्विकशिफ्टर गिअर वर नेतानाही चालतो आणि खाली आणतानाही. क्लच न दाबता गिअर पडतात आणि ते इतके स्वच्छ पडतात की गिअरच्या दातांवर दिवस काढणाऱ्या माझ्यासारखीला ते ऐकतच राहावंसं वाटतं.

स्पीडचे आरसे हँडलच्या टोकांना लावलेले आहेत. दिसायला सुंदर, मागचं दिसतंही छान. सराफ्याच्या तोंडाशी मात्र दोन रिक्षांमधून जाताना डावा आरसा एकीच्या ताडपत्रीला घासून दुमडला. घेतली तर पहिल्याच दिवशी हे काढून साधे आरसे लावायचे, हे मी तिथेच ठरवलं.

आता पायांबद्दल. माझी उंची पाच फूट तीन इंच. स्पीडची सीट ७९० मिलिमीटरवर, ड्यूकची ८०० वर. दहा मिलिमीटर म्हणजे बोटाची जाडी, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण सीटची उंची हा अर्धाच हिशोब आहे. मांड्यांपाशी सीट किती रुंद आहे आणि शॉकअप आपल्या वजनाने किती दबतो हा उरलेला अर्धा. ड्यूकची सीट पुढे चांगली निमुळती आहे, म्हणून उंच असूनही दोन्ही पायांचे चवडे टेकले. स्पीडवर चवडे टेकून टाचाही जवळजवळ पोचल्या. वजन उलट आहे: ड्यूक १६८ किलोच्या आसपास, स्पीड १७६. उतारावर उभी केलेली गाडी पायांनी मागे ढकलायची वेळ आली तेव्हा ते आठ किलो मला स्पष्ट जाणवले. आमच्या सोसायटीचं पार्किंग उतारावर आहे, त्यामुळे ही गोष्ट माझ्यासाठी रोजची.

दुपारी आईला खजराना गणपतीला न्यायचं होतं. आई साडीत, एका बाजूला पाय सोडून बसणारी. आधी ड्यूक काढली. मागची सीट उंच, अरुंद, आणि पुढच्या सीटपासून तुटलेली. आई चढली, सावरून बसली, मी शंभर पावलं नेली असेन आणि मागून आवाज आला, "थांब ग, उतरव मला. ही काय बसायची जागा आहे?" स्पीडची सीट सलग आणि बरीच सपाट. तिच्यावर ती रिंग रोडने खजराना आणि परत अशी येऊन गेली. वाटेत दोनदा म्हणाली, "हात कुठे धरू?" बसायचा प्रश्न स्पीडने सोडवला, धरायचा नाही. मागे चांगली मजबूत दांडी लावून घ्यावी लागेल.

नोव्हेंबर असूनही दोघींचा पंखा सिग्नलला सुरू झाला. ड्यूकची गरम हवा उजव्या पायाला जास्त लागते. मे महिन्यात, डांबर वितळत असताना काय होईल ते दादा सांगतो: "जाड पँट घालायची." तो सांगतो तेव्हा ती तक्रार नसते. त्याचं त्या गाडीवर प्रेमच आहे.

शनिवार

पहाटे निघालो. मी ड्यूकवर, दादा स्पीडवर. राऊपर्यंत अंधार, महूला उजाडलं. कागदोपत्री आता ते डॉ. आंबेडकर नगर, पण मिलिटरीच्या भिंतींपाशी चहाला थांबलेला प्रत्येक जण महूच म्हणतो. तिथून मुंबईच्या हमरस्त्याने खाली उतरता येतं, पण त्या वाटेवर गणपती घाट आहे, आणि उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन तिथे झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचत आम्ही मोठे झालो आहोत. दुचाकी समजून घ्यायला तो रस्ता नव्हे. आम्ही मंडलेश्वरकडे वळलो.

माळव्याचं पठार जाम गेटला संपतं. अगदी काठावर संपतं: एवढा वेळ सपाट काळी जमीन, नुकता पेरलेला गहू-हरभरा, आणि एकदम समोर दरवाजा, दरवाज्यापलीकडे विंध्याची कड तुटलेली आणि खाली निमाड धुक्यात. हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधला. महूच्या बाजूने महेश्वरला उतरणारी वाट इथून जाते आणि राजधानी महेश्वरला होती, म्हणजे हा घराचाच दरवाजा. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना इथे उभं राहिलं की छाती भरून येते, आणि त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. दगडी जिन्याने वर गेलो, सज्ज्यातून खालच्या रस्त्याची वळणं मोजून पाहिली आणि उतरायला लागलो.

उताराला ड्यूक. या घाटात वळणं आखूड आहेत, आणि पावसाळ्यानंतर आतल्या बाजूला बारीक खडी साठलेली असते. ड्यूकचा पुढचा डिस्क ३२० मिलिमीटरचा, डिस्क चिमटणारा कॅलिपर रेडियल, म्हणजे जास्त घट्ट बसवलेला, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) वळणावर गाडी किती कलली आहे हे ओळखून काम करणारं. साध्या एबीएसला चाक अडकतंय की नाही एवढंच कळतं. कललेल्या गाडीत तेवढंच ब्रेक-बळ जास्त घातक असतं, कारण टायरची पकड आधीच वळण घेण्यात खर्च झालेली असते. इथे गाडीतला सेन्सर कल मोजतो आणि तेवढा ब्रेक सैल सोडतो. मी ते तपासायला गेले नाही, कुणी जाऊही नये. पण एका वळणावर समोरून भुसा भरलेला ट्रॅक्टर अर्धा रस्ता अडवून आला, मी कललेली असतानाच ब्रेक धरला, लिव्हरमध्ये बारीक थरथर जाणवली आणि गाडी आपली रेघ न सोडता हळू झाली. तेवढ्यासाठी मी त्या गाडीला मनात हात जोडले.

खाली पोचल्यावर अदलाबदल. मी स्पीड घेऊन परत वर गेले, दरवाज्याला वळसा घालून पुन्हा खाली. चढ दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये. इथे त्या टॉर्कच्या आकड्यांचा अर्थ लागला. वळणातून बाहेर पडताना गाडी तीन-साडेतीन हजारांवर असते, आणि त्या जागी स्पीड भरभरून ओढते. गिअर न बदलता, ओरडा न करता. ड्यूकवर मला तेच वळण काढायला एक गिअर खाली लागत होता. तो लावला की ती स्पीडला मागे टाकते यात शंका नाही. दादाने मला तीन वळणांत गाठलं आणि पुढे गेला. पण त्यासाठी तो सतत कामात होता: गिअर, ब्रेक, गिअर, शरीर इकडून तिकडे. खाली उतरून हेल्मेट काढलं तेव्हा त्याचा चेहरा फुललेला होता. माझाही. फक्त त्याला घाट आठवत होता तो वळणांचा, आणि मला वळणांबरोबर पळसाची झाडं आणि दरीतला वेचणीला आलेला कापूसही आठवत होता.

स्पीडचा पुढचा डिस्क ३०० चा. लिव्हर दाबल्यावर पहिला चावा मऊ आहे, जोर पुढे येतो. दोन बोटांनी ड्यूक जिथे थांबते तिथे स्पीडला तीन बोटं आणि जरा आधीपासूनची तयारी लागते. एबीएस दोन्ही चाकांना आहे, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोलही आहे, पण कल ओळखणारं काही नाही. दोन गाड्यांच्या भावातला फरक कुठे गेला असं कुणी विचारलं तर मी आधी इथे बोट ठेवीन, ड्यूकच्या पाच इंची रंगीत पडद्यावर नाही.

घाट संपला तशी हवा बदलली. माळव्याचा गारवा वर राहिला, निमाडात जाकिटाची चेन उघडावी लागली. रस्त्याकडेला लाल मिरच्या वाळत घातलेल्या, डोळ्यांना झोंबणाऱ्या. मंडलेश्वरच्या अलीकडे काही अंतर रस्ता उखडलेला होता, आणि तिथे माझ्या समजाला धक्का देणारी गोष्ट घडली. मला वाटलं होतं रेसच्या वंशाची ड्यूक खड्ड्यांत हाडं मोडेल आणि साध्यासरळ दिसणारी स्पीड सांभाळून नेईल. झालं उलट. ड्यूकच्या दोन्ही चाकांना वरखाली व्हायला १५० मिलिमीटरची चाल आहे. स्पीडला पुढे १४० आणि मागे १३०. एकटं माणूस बसलेलं असताना स्पीडचं मागचं चाक खड्ड्यातून सरळ कंबरेत सांगतं. ड्यूक कडक असली तरी धक्का गिळून टाकते.

संध्याकाळी महेश्वरला, घाटाजवळच्या धर्मशाळेच्या अंगणात, दादाने मला ड्यूकच्या फोर्कची टोकं दाखवली. प्रत्येक नळीच्या डोक्यावर एक बुटकी चकती, हाताने फिरवायची, पाना लागत नाही. एका नळीत दाबणं, दुसरीत परत वर येणं, दोन्हीला पाच-पाच खटके. चकती फिरवली की बोटांना बारीक टक् जाणवते. आम्ही दोन्ही दोन-दोन खटके सैल केल्या, मी हँडल धरून पुढचा भाग तीन-चार वेळा दाबून पाहिला: आधी अर्ध्यावर अडायचा तो आता खोल गेला आणि वर येताना उसळला नाही, सावकाश आला. मग गल्लीतल्या दगडी फरशीवरून एक चक्कर मारली. फरशीचा प्रत्येक सांधा आधी मनगटात येत होता, आता तळहातातच विरला. स्पीडच्या फोर्कला असं काही नाही. ती जशी आली तशी.

रात्री नर्मदेच्या घाटावर बराच वेळ बसलो. किल्ल्यातल्या हातमागांवरची साडी आईसाठी घ्यायची होती, तर आत्ता बाइकसाठी पैसे साठवायचेत म्हणून दादाने हात धरला. साडी मी घेतलीच.

रविवार

धामनोदला चौपदरी लागली. दादा म्हणाला, "आता आरामात ऐंशी-नव्वद. गाडीचं खरं लांबच्या पल्ल्याला कळतं." नेकेड गाडीला वारा अडवायला काही नसतं. छातीवर येतो, हेल्मेट हलवतो, आणि शंभराच्या पुढे मान भरून येते. हे दोघींना सारखंच. फरक पडतो तो थरथरीत. स्पीड नव्वदपर्यंत गोड चालते, शंभराच्या पुढे फूटरेस्ट आणि हँडलमधून बारीक कंप सुरू होतो, आणि त्या टोकाच्या आरशांत मागचा ट्रक धूसर होतो. ड्यूकचं इंजिन त्याच वेगाला खुललेलं असतं, जणू इथूनच तिची सुरुवात आहे. २०२५ पासून तिला क्रूझ कंट्रोलही, म्हणजे एक्सलेटर न धरता वेग कायम ठेवण्याची सोय, मिळालं आहे. दादाची त्याआधीची, त्यात नाही. मुंबईपर्यंत वर्षातून चार वेळा जाणाऱ्याने याचा जरूर विचार करावा. मी जात नाही.

धामनोदच्या पुढे एका मोकळ्या बाजूरस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही हे बघून, साठच्या वेगावरून ब्रेक लावून पाहिले. आळीपाळीने, दोघांनी. दर वेळी ड्यूक आधी थांबली. दादा चालवत असतानाही आणि मी चालवत असतानाही. टेप नव्हती, पावलांनी मोजलं, त्यामुळे आकडा लिहीत नाही.

गुजरीहून धारच्या रस्त्याला लागलो आणि पुढे मांडवकडे वळलो. मांडवबद्दल खूप लिहून झालेलं आहे, मी थोडक्यात आवरते. खुरासानी चिंच म्हणतात ती गोरखचिंचेची लठ्ठ झाडं, त्यांची फळं विकायला बसलेल्या बायका, होशंगशहाच्या कबरीचा शुभ्र संगमरवर, आणि रूपमतीच्या मंडपातून दूर खाली दिसणारी नर्मदेची रेघ. आम्ही काल रात्री तिच्याच काठी होतो. किल्ल्याच्या आतला रस्ता अरुंद, वळणावळणाचा, शेळ्या-मेंढ्या आणि शाळेच्या सहलींनी भरलेला. वेग वीस-पंचवीस. स्पीड इथे पुन्हा आपल्या घरात आल्यासारखी चालली. तिचा तो जाड, दबका आवाज जहाज महालाच्या भिंतीवरून परत येतो, तो मला फार आवडला. गाडी निवडताना आवाजाला किती गुण द्यायचे? मी पुष्कळ देते. रोज ऐकायचा असतो.

धारला दोन्ही टाक्या पुन्हा गळ्यापर्यंत भरल्या. महूला भरल्या होत्या, त्यामुळे हिशोब सोपा. दोघींनी लिटरमागे तिसाच्या आसपास दिलं, स्पीडने किंचित जास्त. घाटात दोघींना सारखंच पिळलं होतं, तेव्हा हा हिशोब खरा मानायला हरकत नाही. ड्यूकची टाकी १५ लिटरची, स्पीडची १३ ची. म्हणजे स्पीड थोडी आधी पंपावर न्यावी लागणार.

धारहून परतताना दादा गप्प होता. बेटम्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "मनू, एक सांगू? तू ड्यूक घेतलीस तर मला आनंद होईल. पण तू स्पीडवर असताना मागून बघत होतो. तू खांदे सैल सोडून चालवत होतीस. ड्यूकवर तुझे खांदे वर असतात."

"दादा, सवयीने येतील की खाली."

"येतील. माझे यायला वर्ष लागलं."

सोमवार

स्पीड परत करायची होती, ती ऑफिसलाच. म्हणून आज रोजच्या वाटेने निघाले: राजेंद्रनगर, राऊ, पीथमपूर. हीच वाट वर्षभर, पाऊस-धुकं-ऊन, मागेपुढे कंटेनर आणि कामगारांच्या बसा. सहाव्या गिअरमध्ये पंचावन्न-साठने बसच्या मागे चालावं, जागा मिळाली की नुसता एक्सलेटर पिळून पुढे जावं. स्पीड ते करते. गुरुवारी संध्याकाळी दादाची ड्यूक घेऊन मी याच वाटेवर आले होते, तेव्हा त्याच जागी चौथ्यात यावं लागलं होतं, आणि आल्यावर ती इतक्या जोरात सुटली की बसच्या पुढचा ट्रकही ओलांडावासा वाटला. दादाला हेच हवं असतं. मला सकाळी साडेसातला नको असतं.

पीथमपूरला नॅट्रॅक्सच्या, म्हणजे गाड्यांच्या चाचणी केंद्राच्या, कुंपणाजवळून रस्ता जातो. ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, २०२१ च्या जूनमध्ये सुरू झाला. आत काय वेगाने काय धावतं ते बाहेरून दिसत नाही, पण मी तिथून जाताना दर वेळी मान वळवते. याच पीथमपूरला कायनेटिक होंडा बनायची. बाबांची होती, बटण दाबून सुरू होणारी, आणि ती घेण्याआधी बाबांनी कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाला गाठून तिची पूर्ण चौकशी केली होती असं आई सांगते. आमच्याकडे गाडी अशीच घेतात.

कारखान्यात सहकाऱ्याला किल्ली दिली, चेन साफ करून तेल लावून दिली, टाकी भरलेली होतीच. त्याला विचारलं, इतक्या दिवसांत गाडीने त्रास काय दिला? तो म्हणाला, पहिल्या हजारची सर्व्हिस, मग कंपनी सांगते तसं १६,००० किलोमीटरला, पण माळव्याच्या धुळीत तो आठ हजारांवर ऑइल बदलतो. मीही तसंच करीन. एवढ्या अंतराचा आकडा मोकळ्या, स्वच्छ रस्त्यांसाठी ठीक आहे. पीथमपूरच्या धुळीत एअर फिल्टर त्याच्या निम्म्यातच काळा पडतो, हे आमच्या मशीन शॉपच्या फिल्टरवरून मला माहीत आहे.

तर स्पीड. ड्यूकचे ब्रेक, तिचं सस्पेन्शन आणि ते कल ओळखणारं एबीएस मी सोडते आहे, आणि ते सोडणं सोपं नाही गेलं. जाम गेटच्या त्या ट्रॅक्टरपाशी मला जे मिळालं ते स्पीडवर मिळणार नाही, तेव्हा घाटात मी स्पीडवर आधी हळू होईन. एकटी राहणारी, शनिवार-रविवार घाटात घालवणारी कुणी मला विचारेल तर मी तिला डोळे झाकून ड्यूक घे म्हणेन, पैसे थोडे थांबून जमवावे लागले तरी. माझ्या मागे आई बसते. माझं पार्किंग उतारावर आहे. माझी वाट बसच्या मागून जाते. भावातल्या फरकात विमा, हेल्मेट, चांगलं जाकीट आणि गुडघ्याचे पॅड बसून वर काही उरतं, आणि ब्रेकच्या जागी सुरक्षितता कुठून आणायची तर ती अंगावर घालून आणायची.

दुपारच्या सुट्टीत शोरूमला फोन केला. लाल रंग, मागे धरायची मजबूत दांडी, साडी-गार्ड पूर्ण चाक झाकेल असा, आणि टोकाचे आरसे काढून साधे. सेल्समन म्हणाला, आरसे काढले तर गाडीचा लुक जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. मग त्याने नंबर कुठला हवा विचारलं. एमपी ०९ च्या पुढे जो येईल तो चालेल, पण गाडी हातात देण्याआधी मला ती सकाळी गार इंजिनवर सुरू करून बघायची आहे, आणि टायरची हवा तुमच्यासमोर मोजायची आहे, असं सांगितलं. शनिवारी सकाळी दहाला बोलावलंय. दादाला निरोप पाठवला, तर त्याचं उलट उत्तर: "रनिंग-इन संपलं की पुन्हा जाम गेट. तोपर्यंत पाच हजार आरपीएमच्या वर नेऊ नकोस."